तुरीच्या दाण्याएवढं डांबर

मी डांबर तपासते. ओळख करून देताना एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग थेट खड्ड्यांवर येतो. भाचीच्या बारशात हे झालंय, लेडीज डब्यात झालंय. दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना त्यांच्या क्लिनिकसमोरच्या रस्त्याची पूर्ण कैफियत मांडली. मी मान हलवण्यापलीकडे काय करणार?

पण खड्डा हा माझा विषय नाही. मुंबईत खड्डा पाडतं ते मुख्यतः पाणी. खडीवरचं डांबर सोडवायचं काम पाऊस चार महिने इमानेइतबारे करतो, आणि वरून गाड्यांची चाकं ते पाणी दाबून दाबून आत घुसवतात. मी बघते ती त्याच्या आधीची गोष्ट, म्हणजे पाण्याला आत जायला वाट कुठून मिळाली ते. ही वाट बहुतेकदा भेगेची असते, आणि भेग पडते थकव्यानं. रस्ता थकतो म्हटलं की घरचे लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात, पण आमच्या धंद्यात तो साधा शब्द आहे, फटीग. तांब्याची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पन्नास वेळा इकडून तिकडे वाकवा, तुटते. कुठल्याच एका वाकवण्यात तिला तोडायची ताकद नव्हती.

भांडुपला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर बसस्टॉप आहे. बस यायला वीस मिनिटं लागतात, त्यामुळे त्या रस्त्याचा माझा अभ्यास दांडगा आहे. डाव्या चाकाच्या पट्ट्यात दोन वर्षांपूर्वी केसाएवढी एक रेघ होती, गाड्या जातात त्याच दिशेनं धावणारी. मग तिच्या शेजारी दुसरी आली. मग दोघींना जोडणाऱ्या आडव्या रेघा. आता तिथे हातभर लांबीचा मगरीच्या पाठीसारखा नक्षीदार तुकडा आहे. इंजिनिअर लोक त्याला ॲलिगेटरच म्हणतात. बसस्टॉपवरच का? कारण बस तिथे सावकाश येते, थांबते, सावकाश निघते. डांबराला तुम्ही झटकन दाबलंत तर ते घट्ट राहतं, सावकाश दाबलंत तर ढिलं पडतं आणि खालचा थर जास्त वाकतो. जाड थराच्या रस्त्यात भेग वरूनही सुरू होते, पण साध्या रस्त्यात ती खालून येते. चाकाखाली डांबरी थर खाटेच्या सुतळीसारखा झोळतो, त्याचा तळ ताणला जातो आणि पहिली फट तिथे पडते. ती वर येऊन आपल्याला दिसेपर्यंत खालचं काम उरकलेलं असतं.

मोटारींना मात्र उगाच शिव्या देऊ नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आम्ही आजही वापरतो: नुकसान वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. आपल्याकडे प्रमाण ॲक्सल (चाकांच्या जोडीचा दांडा) धरतात ८० किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण आठ टनांचा. सहाशे किलोचा भार असलेला मोटारीचा ॲक्सल घेऊन हिशेब केला, तर ट्रकच्या अशा एका ॲक्सलइतकं नुकसान करायला त्याला तीस हजारांहून जास्त फेऱ्या माराव्या लागतील. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी नवी मोठी गाडी घेतली तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांना आनंद झाला की अपमान वाटला, कळलं नाही.

आमच्या लॅबमध्ये मामा आहेत. सगळ्याच लॅबमध्ये असतात तसे. हुद्दा अटेंडंटचा, हुकूम सगळ्यांवर. मूळचे संगमेश्वरचे, डांबरात तीस वर्षं काढलेली. डबा उघडला की ते आधी अंगठा लावतात. "साठ-सत्तर आहे मॅडम." साठ-सत्तर ही जुनी भाषा. २५ अंश सेल्सिअसच्या डांबरात १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंदांत किती घुसते, त्यावरून ती प्रत ठरायची. सहा ते सात मिलिमीटर घुसली की साठ-सत्तर. २००६ साली भारतीय मानकानं ही पद्धत सोडली आणि चिकटपणावरून, म्हणजे डांबर वाहायला किती विरोध करतं त्यावरून, प्रती आणल्या: व्हीजी-१०, २०, ३०, ४०. व्हीजी-३० म्हणजे ६० अंशांना २४०० ते ३६०० पॉइज (हे चिकटपणाचं एकक). ६० अंशच का, हे मे महिन्यात दुपारी चप्पल तुटून अनवाणी रस्ता ओलांडावा लागला तर लगेच समजतं. मामांचा अंगठा मात्र अजून जुन्या मानकावर चालतो, आणि बहुतेक वेळा बरोबर चालतो.

पण व्हीजीच्या या मानकाची, आयएस ७३ ची, चाचण्यांची यादी काढून बघा. सुई आहे, चिकटपणा दोन तापमानांना आहे, मऊ होण्याचा बिंदू आहे, पेट घेण्याचं तापमान आहे, विद्राव्यता आहे. भट्टीत म्हातारं केल्यावर चिकटपणा चौपटीपेक्षा जास्त वाढायला नको हे आहे, आणि त्या म्हाताऱ्या डांबराचा धागा किती ताणला जातो हेही आहे. व्हीजी-३० साठी किमान ४० सेंटिमीटर. थकव्याची एकही चाचणी नाही. म्हणजे "पास" असा शिक्का मारलेलं डांबर भेगाळणार की नाही, याबद्दल तो शिक्का फारसं काही बोलतच नाही. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं मला हे माहीतच नव्हतं. मी शिक्के मारत होते.

धागा ताणायची चाचणी मला घरात आधीच शिकवलेली होती. संक्रांतीला आई तिळगुळाच्या वड्या करते. पाक अंगठा आणि बोटात धरून ओढायचा. एक तार आली की एकतारी. वड्यांना तेवढ्यानं भागत नाही, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघायचं. एखाद्या वर्षी पाक पुढे जातो आणि वडी दाताखाली काचेसारखी फुटते. एखाद्या वर्षी मागे राहतो आणि वड्या डब्यात एकमेकींना चिकटून एक मोठी वडी होते. डांबराचं अगदी असंच आहे. फक्त आईला वडी एकदाच मोडायची असते. मला ती दहा लाख वेळा वाकवली तर काय होईल ते सांगायचं असतं, आणि तेही दहा लाख वेळा न वाकवता.

यावर पैसा आणि डोकं लावलं ते अमेरिकेनं. १९८७ मध्ये त्यांनी एक मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला. पाचेक वर्षं चालला, त्यातले पाच कोटी डॉलर एकट्या डांबरावर. आमच्या टेबलावरचं डीएसआर हे यंत्र रस्त्याच्या कामात आलं ते त्या कार्यक्रमामुळे. दोन चकत्यांमध्ये डांबर ठेवायचं, खालची चकती स्थिर, वरची डावी-उजवीकडे किंचित पिळायची. डांबर किती जोरानं विरोध करतं तो एक आकडा, आणि विरोध करायला किती उशीर लावतं तो दुसरा. रबर उशीर लावत नाही, मध जवळजवळ पूर्ण उशीर लावतो, डांबर कुठेतरी मधे. या दोन आकड्यांच्या गुणाकारातून त्यांनी थकव्याची मर्यादा काढली: जी-स्टार साइन डेल्टा, ५००० किलोपास्कलच्या आत. प्रत्येक पिळ्यात जी ऊर्जा डांबरात जिरते, ती या गुणाकाराच्या प्रमाणात असते. जिरलेली ऊर्जा कमी, तर नुकसान कमी. सुंदर तर्क आहे.

तर्कात खोट एकच. हा आकडा इतक्या नाजूक पिळ्यावर मोजतात की डांबराला काहीच होत नाही. एखाद्याच्या दंडाला हात लावून तो मॅरेथॉन पुरी करेल का हे सांगण्यासारखं आहे ते. काही वर्षांतच खडी-डांबराच्या प्रत्यक्ष मिश्रणांच्या चाचण्यांशी ताडून बघितल्यावर लक्षात आलं की हा आकडा आणि भेगा यांचं फारसं जुळत नाही, पॉलिमर (रबर-प्लास्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ) घातलेल्या डांबराचं तर मुळीच नाही. पॉलिमरचा गुणच असा की ताण वाढला तरच त्याची जाळी कामाला लागते. नाजूक पिळ्यात ती झोपलेली असते.

मग अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन विद्यापीठात एक चाचणी तयार झाली, लिनिअर ॲम्प्लिट्यूड स्वीप. आम्ही सगळे तिला "लास" म्हणतो. यंत्र तेच, चकत्या त्याच आठ मिलिमीटरच्या, मधली फट दोन मिलिमीटर. म्हणजे डांबर लागतं तुरीच्या दाण्याएवढं. पण आता पिळा वाढवत न्यायचा: सेकंदाला दहा वेळा, शून्याच्या जवळून सुरुवात करून तीस टक्के ताणापर्यंत. पाचेक मिनिटांत तीन हजारांवर पिळे आणि डांबराचा निकाल. जिथून ते हार मानायला लागतं तिथून नुकसान कसकसं वाढलं याचा आलेख काढतात, आणि त्यातून एक सूत्र मिळतं: अमुक एवढा ताण दिला तर अमुक एवढे फेरे झेलेल.

त्याआधी डांबराला म्हातारं करावं लागतं, कारण भेगा जवान डांबराला फारशा पडत नाहीत. खडीत मिसळायच्या प्लांटमध्ये तापताना होणारं म्हातारपण आणण्यासाठी आठ बाटल्यांत ३५-३५ ग्रॅम डांबर भरून १६३ अंशांच्या भट्टीत ८५ मिनिटं फिरवतात. आतून बघितलं तर जत्रेतला छोटा आकाशपाळणा. मग रस्त्यावरच्या वर्षांचं म्हातारपण: ताटल्यांत ओतून १०० अंशांना २० तास, आणि वर हवेचा दाब २.१ मेगापास्कल, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण दहापट. सकाळी ते भांडं उघडताना मामा कुणालाही जवळ येऊ देत नाहीत. मलाही नाही.

आता डिसेंबरातली गोष्ट. ही सांगायची म्हणूनच एवढं लिहिलं.

एका कंत्राटदाराकडचा तरुण इंजिनिअर दोन डबे घेऊन आला. एकावर ए, एकावर बी. ए म्हणजे व्हीजी-४०, बी म्हणजे पॉलिमरवालं. म्हणाला, "मॅडम, सगळ्या टेस्ट पास आहेत दोन्हींच्या. जास्त कोण टिकेल तेवढं सांगा." असा प्रश्न घेऊन लोक आमच्याकडे येत नाहीत. लोक शिक्का न्यायला येतात. मला तो पोरगा आवडला आणि मी लास करायचं ठरवलं.

ए सरळ निघालं. डांबराचा विरोध चढला, शिखर आलं, मग आलेख हळूहळू उतरला. बीचा आलेख शिखरावरून एकदम कड्यावरून पडल्यासारखा खाली. दुसरा नमुना घेतला, तोही तसाच. मी मनात म्हटलं, पॉलिमर घालूनही ठिसूळच आहे. रिपोर्टमध्ये ए सरस असं लिहिलं, सही केली, मेल पाठवून मोकळी झाले. त्या दिवशी मला ५.४० ची लोकल पकडायची होती, आईकडे पाहुणे येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन चकत्या पुसायला बसले. "मॅडम, ही कशाला पुसायची? ही स्वच्छच आहे."

वरची चकती आरशासारखी चमकत होती. एच्या चकत्या बघितल्या तर दोन्हींवर डांबर होतं, आणि कडेकडून आत शिरलेल्या बारीक भेगा. डांबर स्वतः फाटलं होतं, फाटायला हवं तसं. बी मात्र फाटलंच नव्हतं. ते चकतीवरून सुटलं होतं. मी डांबराची ताकद मोजली नव्हती, माझ्याच हातानं केलेल्या चिकटवण्याची मोजली होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पॉलिमरवालं डांबर गरम असतानाही जास्त दाट. ते नीट चिकटायचं तर चकत्या चांगल्या गरम हव्यात आणि डांबर लावून जरा थांबायला हवं. मी दोन्ही डबे एकाच घाईत, एकाच तापमानाला लावले. आलेखातला तो कडाही ओरडून सांगत होता. डांबर थकतं तेव्हा असं एका क्षणात हात सोडत नाही. मला तो दिसला होता. मी त्याला "ठिसूळ" असं नाव दिलं आणि लोकल पकडली.

सरांना सांगितलं. सर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. "रिपोर्ट मागे घे आणि परत कर," एवढंच म्हणाले. मग मी इंजिनिअरला फोन करून सांगितलं की कालचा कागद फाडून टाक. तो गप्पच झाला. लॅबमधून असा फोन त्याला पहिल्यांदाच आला असावा.

पुन्हा केलं. चकत्या तापवल्या, डांबर लावलं, फट नेमक्या मापापेक्षा किंचित जास्त ठेवून गरम सुरीनं कडा कापल्या, मग फट मिटवून कडेला हलका फुगवटा आणला, आणि थांबले. या वेळी बी नीट फाटलं. दोन्ही ओळी एकाच कागदावर काढल्या तर त्या एकमेकींना छेदत होत्या. कमी ताणाला ए पुढे, जास्त ताणाला बी पुढे. एसारख्या कडक डांबराची ही खोडच असते. थोडं वाकवलंत तर वर्षानुवर्षं कुरकुर नाही, जास्त वाकवलंत की आयुष्य धाडकन पडतं.

म्हणजे "जास्त कोण टिकेल" याला उत्तरच नव्हतं. माझ्या यंत्राला रस्ता माहीत नाही. चाचणीत आयुष्य काढायचे दोन ताण ठरलेले आहेत, अडीच टक्के आणि पाच टक्के, कारण खडीच्या फटींत अडकलेलं डांबर हे सबंध थरापेक्षा सुमारे पन्नास पट ताणलं जातं असं धरतात. कुठला ताण खरा, हे ठरतं थर किती जाड आणि खालचा पाया किती पक्का त्यावर. जाड थर कमी वाकतो, तिथे ए चालून जाईल. पातळ थर खालच्या पायाबरोबर फरफटत जातो, त्याला पायाएवढं वाकावंच लागतं, तिथे बी. आणि हा फरक उन्नीस-बीसचा नाही. आपल्याकडे डांबरी रस्त्यांची जाडी ठरवायची जी मार्गदर्शिका आहे, आयआरसी-३७, तिच्यात थकव्याचं जे सूत्र आहे, त्यात ताणाचा घातांक ३.८९ आहे. तळाचा ताण दुप्पट झाला तर आयुष्य जवळजवळ पंधराव्या हिश्श्यावर येतं. त्याच सूत्रात डांबराची थकण्याची स्वतःची तऱ्हा मात्र कुठे येत नाही. मिश्रणात डांबर आणि पोकळी किती ते येतं, मिश्रणाचा कडकपणा येतो. ए आणि बीचा कडकपणा सारखा आला तर त्या सूत्राला दोघं जुळे भाऊ. यावर मी सरांशी अधूनमधून वाद घालते. ते म्हणतात, सूत्र रस्त्यावरून आलंय, तुझं तुरीच्या दाण्यावरून. त्यांचंही खोटं नाही.

आणखी एक गोष्ट लासमध्ये नाही: विश्रांती. डांबराला थोडा वेळ मोकळं सोडलं तर त्यातल्या बारीक भेगा काही प्रमाणात आपोआप मिटतात, उन्हाळ्यात जास्तच. माझ्या यंत्रात तीन हजार पिळे सलग, दम घ्यायला जागा नाही. मुंबईच्या रस्त्यांना रात्री तरी विसावा मिळत असेल असं वाटतं, पण दिवसा अडवलेले ट्रक शहरात शिरतात ते रात्रीच.

लोक विचारतात, आता मुंबईत सगळीकडे काँक्रीट होतंय, तुमच्या डांबराचं काय? मुंबईच्या टोलनाक्यापलीकडेही महाराष्ट्र आहे, असं मी सांगते. आमच्याकडे येणाऱ्या डब्यांवरची गावं वाचलीत तर पटेल.

तर, नवा कागद तयार झाल्यावर मी त्या पोराला पुन्हा फोन केला. दोन ओळी, त्यांचा छेद, सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाला, "मग मॅडम, वर्षं किती धरायची?"

"आधी मला जाडी सांग. डांबरी थर एकूण किती?"

"वरचा चाळीस, खालचा पन्नास."

म्हणजे सगळा मिळून ९० मिलिमीटर. आणि खाली? खाली जुनाच रस्ता, त्यावर थोडी खडी. मी म्हटलं, "मग बी घे. माझं काल पाठवलेलं सगळं उलट धर."

पलीकडे पुन्हा शांतता. मागे कुठेतरी रोलर रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचा पहिला मेल मी साहेबांना लगेच फॉरवर्ड केला होता. एचा टँकर काल रात्रीच उतरला."